लहानपणीच्या गोळीचा मालक आता कोण आहे हे घरबसल्या कसं शोधायचं

गेल्या पंधरा ऑगस्टच्या आधी आमच्या मावसभावानं सांगलीतल्या त्याच्या किराणा दुकानात एक काम केलं. व्हॉट्सॲपवर "हे स्वदेशी, हे विदेशी" अशी लांबलचक यादी फिरत होती, ती त्यानं प्रिंट मारली, काउंटरला चिकटवली आणि त्याप्रमाणं गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या हलवल्या. मेलडी आणि मँगो बाईट उचलून मागच्या खोलीत, कारण यादीत लिहिलेलं की पार्ले कोका-कोलाला विकली. कॉफी बाईट एकदम पुढं, कारण ती म्हणे मद्रासची जुनी भारतीय कंपनी. दोन्ही चूक. मेलडीवाली पार्ले प्रॉडक्ट्स अजून चौहान कुटुंबाचीच आहे आणि कॉफी बाईट २००४ सालीच लोट्टेनं घेतली, म्हणजे कोरियात मुख्यालय असलेल्या ग्रुपनं. पोरगं मनापासून करायला गेलं आणि नेमकं उलटं झालं, मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून हे लिहितोय. यादी देत नाही, कारण यादी दोन वर्षांत जुनी होते. शोधायचं कसं ते सांगतो. फोन आणि अर्धा तास पुरतो, सीए असायची गरज नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, "मालक" हा एक माणूस नसतो. गोळी बनवणारा कारखाना एकाचा असू शकतो, गोळीचं नाव दुसऱ्याचं, आणि ते नाव ज्या कंपनीकडं आहे ती कंपनी तिसऱ्याची. रावळगावचं उदाहरण घ्या म्हणजे लगेच समजेल. आपल्या विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्याच शेठ वालचंद हिराचंदांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला १९३३ मध्ये साखर कारखाना काढला, आणि १९४२ पासून तिथं गोळ्या बनायला लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी, आपल्या पिढीला नुसती नावं घेतली तरी तोंडात चव येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये या ब्रँडची नावं, रेसिपी आणि बाकीचे सगळे बौद्धिक हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटींना विकले. पण जमीन, इमारत, मशिनरी विकली नाही, ती रावळगाव शुगर फार्मकडंच ठेवली. म्हणजे कारखाना एकीकडं, गोळीचं नाव दुसरीकडं. त्या दिवशी "रावळगाव परदेशी झाली" असे मेसेज आमच्या ग्रुपवर आले, तेही चूक. घेणारी कंपनी मुंबईची.

आमचे काका, म्हणजे त्या मावसभावाचे वडील, त्यांनी चाळीस वर्षं ते दुकान चालवलं. सुट्टे नसले की पान पसंद हातावर ठेवायचे. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, ८० वर्षांची चव २७ कोटीत, एवढ्यात तर आपल्याकडं एक बरी बिल्डिंग उभी राहते. मला त्याचं उत्तर देता आलं नाही. कंपनीनं कारण दिलेलं की संघटित आणि असंघटित दोन्हीकडून स्पर्धा आणि कच्चा माल, वीज, मजुरी महागली, आणि ५० पैशाच्या गोळीत हे सगळं बसवायचं कसं हे दुकानात बसलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

बरं, आता कामाला लागू.

पहिलं म्हणजे वेष्टन वाचा. पण सुट्ट्या गोळीचा कागद नाही, बरणीवरचं लेबल किंवा मोठ्या पाकिटाची मागची बाजू. छोट्या पाकिटाला बऱ्याच माहितीतून सूट असते, म्हणून एका गोळीच्या कागदावर तुम्हाला नाव सोडून फारसं काही मिळत नाही. दुकानदाराला सांगा, बरणी जरा फिरवून दाखवा, काही वाटत नाही त्यांना. तिथं "मॅन्युफॅक्चर्ड बाय" आणि "मार्केटेड बाय" अशा दोन ओळी शोधा. दोन्हीकडं एकच नाव असेल तर सोपं. वेगवेगळी असतील तर पहिला हा नुसता बनवून देणारा कारखाना असतो, जॉब वर्कवाला, त्याला महत्त्व देऊ नका. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीचा पत्ता दिसला म्हणून ती गोळी आपली झाली असं होत नाही. "मार्केटेड बाय" किंवा "ब्रँड ओनर" किंवा ट्रेडमार्कबद्दलची बारीक अक्षरातली ओळ, तिथं खरं नाव असतं. ते नाव जसंच्या तसं लिहून घ्या, प्रायव्हेट लिमिटेड आहे का नुसतं लिमिटेड आहे ते सकट. फोटोच काढा, झूम करून वाचता येतं.

बारकोडचं एक सांगायलाच पाहिजे कारण हा गैरसमज लै पसरलाय. ८९० नं सुरू झाला की भारतीय कंपनी, हे साफ खोटं आहे. ८९० म्हणजे तो नंबर जीएसवन इंडिया या संस्थेकडून घेतलाय, बस. माल कुठं बनला आणि कंपनी कुणाची, यातलं काहीच तो सांगत नाही. घरातला मॅगीचा पुडा बघा, ८९० च दिसेल, आणि नेस्ले इंडियाचे ६० टक्क्यांहून जास्त शेअर स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीकडं आहेत. त्यामुळं कुणी "बारकोड बघून स्वदेशी घ्या" म्हणून फॉरवर्ड पाठवलं तर तिथल्या तिथं त्यांना हे सांगा, नम्रपणे सांगा, पण सांगा.

एफएसएसएआय म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी नंबर मात्र थोडा कामाचा आहे. तो एक पासून सुरू झाला तर लायसन्स, दोन पासून असेल तर छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन. पुढचे दोन आकडे राज्याचे, शून्य शून्य असेल तर सेंट्रल लायसन्स. फॉसकॉस नावाच्या सरकारी साईटवर तो नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि पत्ता येतो. मालकी समजत नाही यातून, पण लेबलवरचं नाव खरं आहे का आणि स्पेलिंग काय आहे ते पक्कं होतं. आठवडी बाजारात मिळणाऱ्या सेम-टू-सेम दिसणाऱ्या नकली गोळ्या पण यात पकडल्या जातात.

आता खरी गंमत, सीआयएन नंबर. प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा एक नंबर असतो आणि तो कंपनीच्या वेबसाईटच्या तळाशी किंवा लेटरहेडवर मिळतो, नाहीतर एमसीए म्हणजे कंपनी खात्याच्या साईटवर नाव टाकून काढता येतो. हा नंबर वाचता आला की अर्धं काम झालं. पहिलं अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात लिस्टेड आहे, यू असेल तर नाही. मग पाच आकडे धंद्याचे, दोन अक्षरं राज्याची, चार आकडे कंपनी स्थापन झाल्याचं साल. आणि मग तीन अक्षरं, ती नीट बघा. पीटीसी म्हणजे साधी प्रायव्हेट लिमिटेड, पीएलसी म्हणजे पब्लिक लिमिटेड, आणि एफटीसी असेल तर ती परदेशी कंपनीची उपकंपनी म्हणून नोंदलेली प्रायव्हेट कंपनी. एफटीसी दिसलं की विषय संपला. पण उलटं धरून चालू नका, पीएलसी किंवा पीटीसी दिसलं म्हणजे भारतीयच असं नाही, कारण कंपनी आधी भारतीय असते, नंतर विकली जाते. नेस्लेचं तेच, सीआयएनमध्ये पीएलसी, मालक स्विस. स्थापनेचं साल पण फसवतं. साल जुनं दिसलं की आपण मनात म्हणतो जुनी आपली कंपनी. आयटीसी १९१० ची आहे आणि तेव्हा तिचं नाव इम्पीरियल टोबॅको होतं, इंग्रजांचीच.

पुढं दोन रस्ते फुटतात. कंपनी लिस्टेड असेल तर तुमचं नशीब चांगलं. बीएसई किंवा एनएसईच्या साईटवर कंपनीचं नाव टाका, तिथं शेअरहोल्डिंग पॅटर्न नावाचा भाग असतो, दर तीन महिन्यांनी नवीन येतो, फुकट आहे. त्यात "प्रमोटर" मध्ये बघायचं, म्हणजे ज्यांच्या हातात कंपनीचा ताबा असतो ते. प्रमोटर भारतीय आणि प्रमोटर परदेशी असे दोन वेगळे भाग असतात. हिंदुस्तान युनिलिव्हरचं काढून बघा, ६० टक्क्यांच्या वर युनिलिव्हरकडं दिसेल, मग किसान जाम कुणाचा हा प्रश्न उरत नाही. इथं एक चूक मात्र सगळे करतात, खाली "एफपीआय" म्हणून परदेशी गुंतवणूकदारांचा आकडा दिसतो तो बघून कंपनी परदेशी ठरवतात. ते म्युच्युअल फंडासारखे पैसे लावणारे लोक असतात, आज आहेत उद्या विकतील, कंपनी चालवत नाहीत. मालकी प्रमोटरच्या रकान्यात असते.

आयटीसी इथंच अडचणीत टाकते. कँडीमॅन आणि मिंट-ओ ही नावं तिनं २००२ मध्ये नागपूरच्या कँडिको कंपनीकडून घेतली, म्हणजे गोळी मुळात विदर्भातली. आयटीसीला प्रमोटरच नाही, कंपनी नोकरदार मॅनेजमेंट चालवतं, पण सगळ्यात मोठा एकटा शेअरहोल्डर ब्रिटिश अमेरिकन टोबॅको, त्यांचा हिस्सा २९ टक्क्यांच्या आसपास होता, २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांनी थोडा थोडा विकून पाव हिश्श्याच्या खाली आणला. आता हिला काय म्हणायचं? माझं मत, इथं स्वदेशी-विदेशीचा शिक्का मारू नका, "मोठा परदेशी हिस्सा, पण ताबा नाही" एवढं सरळ लिहा. ज्याला खायची त्यानं ठरवावं.

आणि कंपनी लिस्टेड नसेल तर जरा खटपट आहे, आणि गोळ्या-चॉकलेटच्या धंद्यात बहुतेक मोठ्या परदेशी कंपन्या लिस्टेड नाहीतच. कॅडबरी एकेकाळी आपल्या शेअर बाजारात होती, नंतर इंग्लंडच्या मालकानं शेअर परत घेऊन ती बाजारातून काढली. अल्पेनलिबेवाली पर्फेटी व्हॅन मेले इटली आणि हॉलंडच्या दोन कंपन्या २००१ मध्ये एकत्र येऊन झालेली, ती पण आपल्या बाजारात नाही. अशा वेळी एमसीएच्या साईटवर लॉगिन करून कंपनी मास्टर डेटा बघा, तो फुकट आहे, त्यात पत्ता आणि डायरेक्टर लोकांची नावं येतात. डायरेक्टरच्या नावावरून अंदाज बांधू नका, परदेशी कंपन्यांत पण सगळे डायरेक्टर देशपांडे-पाटील असू शकतात. थोडे पैसे भरायची तयारी असेल तर कंपनीची कागदपत्रं बघता येतात, १०० रुपयांच्या आसपास लागतात, त्यात एमजीटी-७ नावाचा वार्षिक रिटर्न उघडायचा. त्यात "होल्डिंग कंपनी" असा रकाना असतो. तिथं ज्याचं नाव ती आई, आपण ज्या कंपनीला बघत होतो ती लेक. आणि आईला पण आई असते हे विसरू नका, कधी मॉरिशस, कधी सिंगापूर, कधी नेदरलँड्सची मधली कंपनी दिसते, तिथं थांबू नका, तिच्या वरची शोधा. बॅलन्सशीटच्या नोट्समध्ये रिलेटेड पार्टी म्हणून एक भाग असतो, त्यात रॉयल्टी, म्हणजे नाव वापरायचे पैसे, कुणाला दिली ते लिहिलेलं असतं. पैसा शेवटी कुणाकडं जातो त्यावरून वरची आई सापडते.

ट्रेडमार्क शोधायचा असेल तर सरकारच्या आयपी इंडिया साईटवर पब्लिक सर्च आहे. क्लास ३० टाका, गोळ्या, चॉकलेट, बिस्किट सगळं त्यात येतं, शीतपेय असेल तर ३२. गोळीचं नाव टाकलं की प्रोप्रायटर, म्हणजे त्या नावाचा मालक, कोण ते येतं. ब्रँड विकला गेलेला असेल तर "सबसिक्वेंट प्रोप्रायटर" म्हणून नवं नाव दिसतं. सेम नावाच्या दहा नोंदी येतात, घाबरू नका, स्टेटसला रजिस्टर्ड लिहिलंय ती आणि लोगो जुळतोय ती घ्या. विकल्यावर नोंद बदलायला वेळ लागतो, म्हणून एकट्या या साईटवर भरवसा ठेवू नका, वरच्या गोष्टींशी ताडून बघा.

आता सरावासाठी एक जोडी देतो, यात माझ्यासकट सगळे फसलेत. लॅक्टो किंग आणि महा लॅक्टो. दोन्ही दुधाच्या चवीच्या, दोन्ही एकाच कप्प्यात, लहानपणी आम्ही दोन्हीला "लॅक्टो दे" एवढंच म्हणायचो. लॅक्टो किंग मद्रासच्या पॅरीज कंपनीची, म्हणजे कॉफी बाईटवालीच, ती मुरुगप्पा ग्रुपकडून २००४ मध्ये लोट्टेकडं गेली. महा लॅक्टो न्यूट्रिनची, आंध्रातल्या चित्तूरची कंपनी, १९५२ ची. ती २००६ मध्ये गोदरेजनं घेतली, २००७ मध्ये गोदरेजनं अमेरिकेच्या हर्शेशी भागीदारी केली आणि २०१२ मध्ये हर्शेनं गोदरेजचा हिस्सा पण घेऊन टाकला. म्हणजे एक लॅक्टो कोरियाकडं गेली, दुसरी अमेरिकेकडं, आणि दुसरीच्या मधल्या टप्प्यात ती भारतीय-भारतीय सौदा वाटत होती. कुणी २००६ ची बातमी वाचून "गोदरेजची आहे" म्हणून बसला असेल तर तो सहा वर्षात चुकीचा ठरला. म्हणून ब्रँड एकदा विकला गेलाय असं सापडलं की तिथं थांबायचं नाही, त्यानंतर परत विकला का ते पण शोधायचं. कॅडबरीत तसंच, २०१० मध्ये क्राफ्टनं घेतली, २०१२ मध्ये क्राफ्टचे दोन भाग झाले आणि चॉकलेट मोंडेलीझकडं गेलं, २०१४ मध्ये इथल्या कंपनीचं नाव पण मोंडेलीझ इंडिया झालं. पाकिटावर मोठ्या अक्षरात कॅडबरीच राहिलं. लोट्टेनं पण २०२३ मध्ये आईचं नाव लोट्टे वेलफूड केलं, म्हणून सर्च करताना जुनं-नवं दोन्ही टाका.

लोट्टेबद्दल एक बाजूला सांगतो. तिचा संस्थापक शिन ग्योक-हो हा कोरियात जन्मलेला माणूस, त्यानं कंपनी १९४८ मध्ये टोकियोत सुरू केली, च्युइंगमपासून. म्हणून कुठं जपानी लिहितात कुठं कोरियन. भारतातला धंदा कोरियाच्या कंपनीकडून चालतो. गुजरातचं हॅवमोर आईस्क्रीम पण २०१७ मध्ये त्यांनीच १०२० कोटींना घेतलं.

उलट बाजूची चूक म्हणजे पार्ले, आणि ती यादी कुठून चुकते ते कळलं की परत चुकत नाही. पार्ले नावाच्या घराण्याच्या फांद्या वेगळ्या झाल्या. पार्ले-जी, मेलडी, पॉपिन्स, किस्मी, मँगो बाईट ही पार्ले प्रॉडक्ट्सची. फ्रूटी पार्ले ॲग्रोची. आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही तिसऱ्या फांदीची, रमेश चौहानांची, ती १९९३ मध्ये कोका-कोलाला विकली. "पार्ले कोकला विकली" ही ओळ तिथून आली आणि तीस वर्षं गोळ्यांच्या डोक्यावर बसलीय. ब्रिटानियाचं पण तसंच, तिच्यात फ्रान्सच्या दानोनचा मोठा हिस्सा होता म्हणून जुन्या याद्यांत ती परदेशी आहे, पण २००९ मध्ये दानोन बाहेर पडली आणि वाडिया कुटुंबाकडं ताबा आहे. म्हणजे परदेशी झालेली कंपनी परत पण येते.

आणि हे सगळं शोधायचं कशाला असं कुणी विचारलं, आमच्या सोसायटीत विचारलंच, तर मी गोल्ड स्पॉटचं सांगतो. एकाच माणसानं एकाच वर्षी एकाच कंपनीला थम्स अप आणि गोल्ड स्पॉट विकलं. थम्स अप आज कोपऱ्यावरच्या टपरीत आहे. गोल्ड स्पॉट बंद केलं, कारण घेणाऱ्याकडं स्वतःचं संत्र्याचं पेय होतं. आपल्या आवडीची वस्तू राहणार का जाणार हे तिचा मालक ठरवतो, त्याच्यासाठी ती शेकडो नावातलं एक नाव असतं. म्हणून मला मालक माहीत असावा वाटतो. परदेशी मालक म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही, डेअरी मिल्क माझी मुलगी खाते आणि खाऊ दे, पण माहीत असून खाऊ दे.

आपल्या भागातलं पण यातच बसवून बघा, कारण जवळचं आपण कधी तपासत नाही. पाचगणीचं मॅप्रो १९५९ मध्ये किशोर व्होरांनी सुरू केलं, जाम आणि सरबतापासून, फलेरो गोळ्या नंतर आल्या, महाबळेश्वरहून येताना प्रत्येक एसटीत ते पाकीट उघडलेलं असतं. चितळ्यांची सुरुवात आपल्या भिलवडीची, १९३९ ची डेअरी, पुण्याचं मिठाईचं दुकान त्यानंतर १९५० मध्ये. आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याला तर ब्रँडच एक नाही, राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत दुकानं मोजा, प्रत्येकाचा पेढा वेगळा, तिथं मालक काउंटरला बसलेला असतो, विचारा आणि विषय संपला. या नावांना पण लेबल, सीआयएन, एमसीए तीच पद्धत लावायची, आपलं आहे म्हणून सूट नाही.

मावसभावाच्या दुकानात आम्ही दोघांनी एक रविवार बसून सगळ्या बरण्या केल्या, तेवीस निघाल्या. यादी फाडून टाकली. आता प्रत्येक बरणीच्या झाकणावर छोटी चिठ्ठी आहे, कंपनीचं नाव, वरच्या मालकाचं नाव, देश, आणि आम्ही तपासलं ती तारीख. तारीख नक्की घाला, तीच सगळ्यात महत्त्वाची, सहा महिन्यांनी परत बघायचं कळतं. मेलडी परत पुढं आली. कॉफी बाईट पण काढली नाही, तिच्यावर फक्त "लोट्टे, कोरिया" लिहिलं. गणपती पेठेतून माल घेऊन येणारा पोरगा पण आता नवीन बरणी उतरवली की आधी मागचं लेबल वाचून दाखवतो, आणि काका खुर्चीत बसून चिठ्ठी लिहितात, अक्षर अजून मोत्यासारखं आहे त्यांचं.